टोपाची ऊब

त्या नाटक कंपनीत प्रत्येकाला दोन मामा होते. एक ज्याचा त्याचा, आईचा भाऊ. आणि दुसरे सगळ्यांचे मिळून, टोपमामा. टोप म्हणजे चुलीवर चढतो तो नव्हे, डोक्यावर चढतो तो. हा घोटाळा नव्या माणसाचा हमखास व्हायचा. एकदा सामान वाहणाऱ्या एका गड्याला "मामांकडून टोप आण" म्हणून पिटाळलं, तर तो उपाहारगृहातून दूध तापवायचं पातेलं घेऊन आला आणि राणीच्या खोलीच्या दारात ते धरून उभा राहिला. ही गोष्ट मामा स्वतःच सांगायचे आणि दर वेळी ते पातेलं थोडं मोठं व्हायचं.

मामांची खोली रंगमंचाच्या मागे, सतत ठिबकणाऱ्या एका नळाशेजारी होती. आत फळ्यांवर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली आणि प्रत्येकावर एकेक टोप: म्हाताऱ्याचा पांढरा, शिपायाचा आखूड, विदूषकाचा लाल, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर राणीचा, कमरेच्या खाली येणारा, काळाभोर. एकेक केस सुईनं जाळीत ओवून मामांनी तो केला होता. मॅनेजर त्या खोलीत डोकावला की फळ्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "एक लाकडी डोकं जास्त दिसतंय, मामा." मामा हसायचे. ज्याला आपल्या कामाचा अभिमान असतो, त्याला असली थट्टा पचते.

राणीचं काम करणाऱ्या नटीला कंपनीत नुसतं 'बाई' म्हणत. उभी हयात त्यांनी राण्याच केल्या होत्या, त्यामुळे स्टेजखालीही त्या कुणाला फारसं जवळ येऊ देत नसत. त्यांच्या डोक्याला मामांशिवाय कुणाचा हात लागत नसे. प्रेक्षक पैजा मारायचे की एवढे केस खुद्द बाईंचेच. दुसऱ्या कंपन्यांतले टोप डोक्यावर ठेवलेले दिसायचे. मामांचा टोप उगवलेला दिसायचा. ह्यामागचं गुपित एका शब्दात होतं आणि तो शब्द अख्ख्या कंपनीला पाठ होता. प्रयोगाच्या दिवशी दुपारी येता-जाता कुणीही विचारायचं, "काय मामा, टोपाला ऊब दिलीत का?"

"देतोय, देतोय," म्हणून मामा दाराला आतून कडी घालायचे.

ऊब म्हणजे वाफ, असं सगळे समजत. मामांच्या खोलीत किटली होती, ती शिट्टीही मारायची, मग दुसरं काय समजणार? पण किटली होती ती चहासाठी. ऊब होती ती मामांच्या डोक्याची. मामांचे वस्ताद त्यांना सांगून गेले होते, "टोप लाकडावरून उचलून नटाच्या डोक्यावर ठेवलास, तर लाकडासारखाच बसेल. आधी माणसाची ऊब दे. जाळी सैल पडते, केस खाली येतात, टोपाला कळतं की आपण आता माणसावर आहोत." मामांनी हा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. दर प्रयोगाच्या दुपारी कडी लावायची, खोलीतला आरसा भिंतीकडे फिरवायचा आणि राणीचा टोप स्वतःच्या डोक्यावर चढवून चहा पीत बसायचं. पन्नाशी उलटलेला, झुबकेदार मिशांचा, पोट सुटलेला माणूस, कमरेखाली केस सोडून स्टुलावर. कुणी पाहिलं असतं तर आयुष्यभर पुरेल एवढा विनोद झाला असता. म्हणून आरसासुद्धा पाहणार नाही अशी तजवीज. बायकोलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात खोलीतला पंखा बंद पडला आणि मामांच्या डोक्याला मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक पुटकुळी आली. मग तिला शेजारीण आली. मग सगळं खानदान. प्रत्येकीच्या मधोमध एक केस आणि टोकाला पिवळट पू. घाम लागला की आग व्हायची, आग झाली की खाज, आणि खाजवलं की दुसऱ्या दिवशी चार नव्या. बायकोनं एकदा ओझरतं पाहिलं आणि निदान केलं, "केसतोडा आहे. केस मुळात तुटला की होतो."

मामांनी हा शब्द अक्षरशः घेतला. जन्म केसांत गेलेला माणूस. केस तुटल्यानं होतंय म्हणजे तुटलेले केस काढून टाकले की संपलं, असा त्यांनी हिशेब मांडला. चिमट्यानं एकेक केस उपटला. तरी थांबेना, तेव्हा वस्तरा घेऊन मागचा सगळा भाग गुळगुळीत केला, आणि आग शमावी म्हणून वरून तेल थापलं. चिमटा, वस्तरा आणि तेल, ह्या तिघांनी मिळून जे व्हायचं तेच केलं. आधी मानेवर होतं ते आता कानापर्यंत आलं.

मग मामांनी टोपी घालायला सुरुवात केली. लोकरीची, घट्ट, भर उन्हाळ्यात. जेवतानाही टोपी, झोपतानाही टोपी. बायको म्हणाली, "अहो, खाली अंडी उबवताय का?" मामांच्या हातातला घास थांबला. 'उबवताय' हा शब्द तिनं सहज वापरला होता, पण चोराच्या मनात चांदणं. हिला कळलं की काय, ह्या विचारानं ते जेवण अर्धं टाकून उठले. बायको बिचारी आमटी-भाजीत मीठ जास्त पडलं का ते चाखून बघत राहिली.

ह्या सगळ्या दिवसांत त्यांनी ऊब देणं थांबवलं का? नाही, हेच तर सांगायचं आहे. पहिल्यांदा त्यांनी मध्ये हातरुमाल घातला. त्यानं टोप नीट बसेना. मग रुमाल काढला आणि मनाची समजूत घातली की पुटकुळ्या मागे आहेत, बाईंच्या डोक्याला टोप घट्ट लागतो तो पुढे. ही समजूत किती पोकळ होती हे टोप करणाऱ्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. टोपाच्या आतली घामाची पट्टी डोक्याला गोल वेढा घालते, मागून पुढून सारखीच. शिवाय ती पट्टी कधीच धुतली जात नसे. पाण्यानं जाळीच्या गाठी सुटतात म्हणून कडा तेवढ्या स्पिरिटनं पुसायच्या, हीही वस्तादांचीच शिकवण. पण ऊब न देता टोप चढवला आणि तो लाकडासारखा दिसला, तर आपली आयुष्यभराची कमाई ती काय राहिली? ह्या भीतीपुढे बाकी सगळं त्यांनी डोळ्याआड केलं.

एका दुपारी बाई स्वतः त्यांच्या खोलीत आल्या. हे आक्रीतच होतं. त्यांनी दार लावून घेतलं, स्टुलावर बसल्या आणि डोक्याला गुंडाळलेला रेशमी रुमाल सोडू लागल्या.

"मामा, तुम्हालाच दाखवते. कुणाला बोलू नका."

त्यांनी स्वतःचे केस बॉबकट केले होते, घाईघाईनं, बहुतेक घरच्याच कात्रीनं. मागे, मानेच्या वर आणि कानशिलापाशी लाल पुटकुळ्या होत्या. मधोमध एकेक केस आणि टोकाला पू.

"उशीला डोकं टेकवत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रंगमंचावरचा नव्हता. "लोकांना वाटेल बाई घाणेरड्या आहेत, अंघोळ करत नाहीत. रोज दोनदा डोकं धुते हो मी. कशानं झालं असेल?"

मामा त्यांच्या डोक्याकडे पाहत होते आणि त्यांना आपलंच डोकं दिसत होतं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. लोकरीची टोपी ओढून काढायची आणि 'बाई, हे बघा' म्हणायचं, एवढंच काम होतं. हात वर गेलाही. पण तो टोपीपाशी पोचला आणि टोपी आणखी खाली ओढून परत आला.

"गोंदाचं असेल," मामा म्हणाले. "ती नवी रंगवाली कुठलातरी नवा गोंद आणते ना टोप चिकटवायला."

बाईंनी रुमाल परत गुंडाळला. जाताना त्या मामांच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं." त्या दिवशी मामांनी चहा केला नाही.

रंगवाली म्हणजे चेहरे रंगवणारी मुलगी. नुकतीच कंपनीत लागली होती, हाताला चलाख आणि तोंडानं गरीब. बाईंनी मॅनेजरला फक्त 'गोंद बदला' एवढंच सांगितलं होतं. पण मॅनेजर हा सुतावरून स्वर्ग गाठणारा प्राणी. त्यानं मुलीला बोलावून सांगितलं की रविवारचा प्रयोग झाला की सोमवारपासून येऊ नकोस. कारण विचारल्यावर म्हणाला, "मामांसारखा जुना माणूस सांगतोय, गोंदानं बाईंचं डोकं पिकलं."

मुलगी मामांकडे आली. भांडायला आली असती तर मामांना सोपं गेलं असतं. ती गोंदाची बाटली आणि स्वतःचा हात घेऊन आली होती.

"मामा, मी रोज इथं लावून बघितला," ती कोपराच्या आतल्या बाजूला दाखवत म्हणाली. "लावते, वाळू देते, काढते. काही झालं नाही. पण तुम्ही म्हणता म्हणजे डोक्याच्या कातडीला चालत नसेल. हाताची कातडी वेगळी असेल ना?"

तिचा हात स्वच्छ होता. मामा म्हणाले, "असेल."

"मला शिकवलं असतंत तर मी तुमचाच गोंद वापरला असता," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण घट्ट करत निघून गेली.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असली माणसं मामांना कधीच आवडली नव्हती. आता आरशात बघायची गरज नव्हती, तसला माणूस त्यांच्याच टोपीखाली बसला होता. त्यांना स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून तोंड उघडतं असं नाही. उलट ते आणखी घट्ट मिटतं.

शेवटी ते डॉक्टरकडे गेले, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे नाटक बघणारं कुणी भेटणार नाही अशा वस्तीत. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी टोपी काढायला सांगितली. मामांनी आधी दार लागलंय का ते पाहिलं आणि मग काढली.

"केसांच्या मुळांना सूज आलीय, जंतू शिरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढं दुखेपर्यंत थांबलात कशाला? वस्तरा कुणी फिरवला?"

"मीच."

"तेल?"

"मीच."

"आणि ही टोपी तर भट्टीच आहे. गरम, ओलं, बंद. जंतूंना ह्याहून चांगलं घर कुठलं?" त्या लिहीत लिहीत सांगू लागल्या. हा शाम्पू डोक्याला लावून थोडा वेळ ठेवायचा, मग धुवायचा. हे मलम. ह्या गोळ्या, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून दुखतं तिथे ठेवायचं. खाजवायचं नाही, फोडायचं नाही, केस उपटायचा नाही. बरं होईपर्यंत वस्तरा बंद, तेल बंद. टॉवेल, कंगवा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवायचा आणि गरम पाण्यात धुवायचा. ताप आला किंवा सूज पसरली तर तसंच निघून यायचं. "आणि डोक्यावरचं काहीही कुणाला वापरायला द्यायचं नाही. घरात आणखी कुणाला झालंय?"

"घरात नाही."

"मग?"

मामा घुटमळले. "एक बाई आहेत."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "एकच उशी वापरता का?"

मामांचे कान लालभडक झाले. "नाही हो, भलतंच काय! आमचे फक्त केस एक आहेत."

हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग मामांना सगळं सांगावं लागलं: वस्ताद, कडी, फिरवलेला आरसा, ऊब. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते कुणाला सांगितलं, आणि सांगितलं एका परक्या पोरीला. ती हसली नाही. हसली असती तर बरं, असं मामांना वाटलं.

"तुमच्यामुळेच त्यांना झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," ती म्हणाली. "असे जंतू कुणाच्याही कातडीवर असू शकतात. पण एकच टोप दोघांच्या घामात भिजतोय, धुतला जात नाहीये, आणि तुम्हाला आधी झालंय. त्या बाईंना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग त्यांना सांगा. त्यांना पाठवा माझ्याकडे, किंवा दुसऱ्या कुणाकडे. कशानं झालं हेच कळलं नाही, तर त्या बऱ्या होतील आणि पुन्हा आजारी पडतील."

माणूस स्वतःच्या सोयीचं किती चांगलं ऐकतो ते बघा. एवढ्या बोलण्यातलं मामांनी घरी काय नेलं, तर 'छातीठोक सांगणार नाही'. रस्ताभर ते तेवढंच वाक्य घोळवत होते. डॉक्टरच खात्री देत नाही, तर आपण कशाला अंगावर घ्या? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी कडी लावून राणीच्या टोपाची पट्टी उसवली, जाळून टाकली आणि नवी शिवली. वस्तादांची मनातल्या मनात माफी मागून जाळी औषधी शाम्पूनं धुतली. गाठ एकही सुटली नाही. इतकी वर्षं ज्या भीतीनं धुतली नव्हती, ती भीतीच खोटी निघाली. मग त्यांनी ठरवलं की आता ऊब द्यायची नाही, आपलं डोकं आपल्यापाशी. झालं, मिटलं. मुलीची नोकरी जात होती, त्यावर मात्र त्यांच्याकडे काही इलाज नव्हता, किंवा होता तो त्यांना करायचा नव्हता.

रविवारी प्रयोगाआधी बाई आरशासमोर बसल्या. मामांनी टोप चढवला. ऊब नव्हती, आणि धुतल्यावर केस फुगले होते. तो वर राहिला, कानामागे उचलला गेला. मामांनी पिना लावल्या, दाबून पाहिलं. तरी तो उचललेलाच राहिला.

बाईंनी आरशातूनच विचारलं, "आज ऊब दिली नाहीत का, मामा?"

"दिली की."

दारात मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. रंगवाली शेवटचं काम म्हणून गोंदाचा कुंचला घेऊन पुढे आली. गोंद मामांच्या कपाटातला होता, जुना. तिनं बाईंच्या कानशिलापाशी कुंचला टेकवला आणि बाई कळवळून मागे सरल्या.

"हळू," मॅनेजर खेकसला. "आधीच काय कमी करून ठेवलंयस?"

मुलीनं कुंचला खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती बाईंच्या समोर गेली आणि म्हणाली, "बाई, मला माफ करा. माझ्या गोंदानं तुम्हाला एवढा त्रास झाला. मला आधी पटत नव्हतं, पण मामा म्हणाले म्हणजे तसंच असणार. मामा कशाला खोटं बोलतील?"

ती शिव्या देत गेली असती, तर मामा गप्प राहिले असते आणि आयुष्यभर गप्प राहिले असते. पण त्या पोरीनं त्यांचं खोटं खरं मानून स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. त्याची लाज इतकी जड झाली की टोपीखालचं डोकं त्या ओझ्यानं वाकलं. त्यांनी टोपी काढली.

खोलीतले दिवे आरशाभोवती लावलेले होते, त्यामुळे काहीच झाकलं गेलं नाही. वस्तऱ्याच्या खुणा, मलमाचे पांढरे ठिपके, खपल्या, सगळं.

"गोंदाचं नाही," मामा म्हणाले. "माझं आहे."

मॅनेजरला कळेना. "तुमचं म्हणजे?"

"ऊब," मामा म्हणाले. मग त्यांनी खाली बघत सांगितलं की ऊब म्हणजे काय, ती कुणाची, आणि डोकं पिकल्यावरही आपण ती देत राहिलो. डॉक्टरीण काय म्हणाली तेही सांगितलं, सगळं सांगितलं, फक्त 'छातीठोक' हा शब्द सोडला.

मॅनेजर आधी बघत राहिला आणि मग त्याला हसू फुटलं. "म्हणजे मामा, तुम्ही... ते केस सोडून... इथं..." त्याला पुढे बोलवेना. मामा उभे राहून ते हसू ऐकत होते. सगळ्या जन्मात ज्याची धास्ती घेतली होती तेच घडत होतं आणि आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष बाईंकडे होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच टोप उतरवला आणि समोरच्या लाकडी डोक्यावर ठेवला, जणू त्यात कुणी झोपलेलं आहे.

"माझ्या डोक्यावर तुमचं डोकं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

"होय, बाई."

"ते मी कदाचित हसण्यावारीही नेलं असतं. पुटकुळ्याही बऱ्या झाल्या असत्या." त्या उठून त्यांच्या समोर आल्या. स्टेजवर त्या अशाच यायच्या, पण इथं त्यांच्या आवाजाला धार नव्हती, नुसता थकवा होता. "त्या दिवशी मी तुमच्या खोलीत आले, मामा. दार लावलं. मी माझं डोकं तुम्हाला दाखवलं. जे माझ्या सख्ख्या बहिणीला दाखवलं नाही ते. आणि तुम्ही माझ्यासमोर टोपी ओढून बसून राहिलात." मग त्या म्हणाल्या, "मला टोपी घातलीत, मामा."

मॅनेजरचं हसू थांबलं. मामांच्या हातात ती लोकरीची टोपी होती आणि तिचं काय करावं हे त्यांना सुचेना. त्यांनी माफी मागितली. बाईंची मागितली, मग मुलीकडे वळून तिचीही मागितली. मुलीनं मान हलवली, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कुंचला धूत होती.

त्या दिवशी राणी डोक्यावरून शेला घेऊन रंगमंचावर गेली. मामा विंगेत उघड्या डोक्यानं उभे होते. टोप नव्हता, ऊब नव्हती, तरी टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. लोक बाईंना बघायला येत होते, हे मामांना इतक्या उशिरा कळलं, आणि त्या टाळ्यांनी त्यांना मॅनेजरच्या हसण्याहून जास्त लाज वाटली.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसता पुसता एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "सगळ्या गावाच्या आधी मला सांगायचं होतंत." तिनं कोमट पाणी आणलं आणि फडकं पिळून त्यांच्या मानेवर ठेवलं. ठेवताना हात जरा जोरातच दाबला.

मुलगी कंपनीत राहिली. बाईंनी औषध घेतलं, काही काळ शेल्यावरच प्रयोग केले आणि त्या बऱ्या झाल्या. मामाही बरे झाले, मागे दोनचार ठिकाणी केस परत उगवले नाहीत तेवढं सोडून. टोपी त्यांनी पुन्हा घातली नाही. ते चट्टे ज्याला बघायचे त्यानं बघावेत म्हणून उघडेच ठेवले. आता दर प्रयोगानंतर टोप आतून धुतले जातात, पट्ट्या बदलल्या जातात आणि एकाचा टोप दुसऱ्याला मिळत नाही. राणीच्या टोपाला ऊब आता बाई स्वतः देतात. दुपारी लवकर येतात, मामांच्याच खोलीत बसतात, आतून कडी लावतात आणि स्वतःच्या डोक्यावर टोप घालून संवाद घोकतात. नंतर पिना लावते ती रंगवाली. मामा बाहेर, ठिबकणाऱ्या नळापाशी एका खोक्यावर बसून शिपायाच्या टोपाचे केस ओवत असतात. बाई त्यांच्याशी बोलतात, चहा विचारतात. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याला मामांचा हात लागलेला नाही.

एका दुपारी रंगवाली सामान आणायला गेली होती. आतून बाईंचा आवाज आला, "कोण आहे बाहेर?"

"मी आहे, बाई."

मामांनी सुई खाली ठेवली.

"मागची पिन सुटलीय," बाई म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही."

कडी निघाल्याचा आवाज आला. मामा उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच वळले.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले, आणि नळाखाली साबण चोळत राहिले, बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत.